बाईसाहेबांची वाटी

मु. खोरवाडी, पो. नेकनूर, जि. बीड
१२ नोव्हेंबर १९८६

चि. त्रिंबक यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पाणी सोडलं तर इथं सारं बरं हाय, तुमचंबी तसंच असावं.

भाऊबीजेला मी आले न्हाई म्हणून तू रुसलास असं गीताच्या कार्डावरनं कळलं. रुसू नको बाबा. माजा दोष न्हाई. कुणाचा हाय ते लिहिते, पण हसायचं न्हाई.

तुज्या दाजींनी घरात सवत आणलीय.

दचकू नको, पंखाची हाय. श्रावणात एक मोरघार विजेच्या तारंवर आपटून आमच्या बांधावर पडली. आपली कोंबडीची पिल्लं न्हेती ती साधी घार न्हाई, चांगली दांडगी. डोळे पिवळे, पायात पँट घातल्यावानी पिसं. पंखाचं हाड मोडलं होतं. फॉरेस्टचा राधाकिशन गार्ड आला, बगितलं आन म्हणला, ही आता उडायची न्हाई पण जगंल, सचिवसाहेब, दूध संस्था संभाळता तसं हिलाबी तुमीच संभाळा, मी वर कळवतो. वर कळवलेलं वरच राहिलं. आमची बैलं छावणीवर गेलेत, गोठ्यात माजी एकटी म्हैस. मोकळ्या गव्हाणीच्या कडंवर ही येऊन बसली ती बसलीच.

तवापासून ह्यांचं सारं ध्यान गोठ्यात. तिला नाव काय ठेवलंय म्हाईत हाय? बाईसाहेब! बावीस वर्सं झाली लग्नाला, मला 'अगं' आन 'ऐकतीस का' ह्याच्यापुढं नाव न्हाई, आन ही दोन महिन्यात बाईसाहेब. डेअरीवरनं आले की तोंडावर पाणी न मारता गोठ्यात जातात आन घंटाभर तिच्याशी बोलत बसतात. मी भिंतीआडनं ऐकलंय. टँकर आला न्हाई, चेअरमन असं म्हणला, शीतकेंद्रावरनं दूध नासलं म्हणून माघारी आलं. आमाला ह्यातलं अक्षर सांगत न्हाईत. मी इचारलं की म्हणतात, तुला काय करायचंय.

खायला तिला रोज शेळीचं काळीज. चारा न्हाई म्हणून लोकांनी शेळ्या काढल्या, नेकनूरच्या खाटकाकडं काळीज मातीमोल झालंय, हे बरीक खरं. पण सारं तिलाच, आमी हुलग्याचं माडगं प्यायचं. वाळू नये म्हणून ते काळीज नासक्या दुधाच्या पाण्यात भिजत घालतात. साधं पाणी टँकरचं, ते घागरीनं मिळतं. नासक्या दुधाचं पाणी डेअरीत फुकट.

आता खरं दुखणं सांगते. सप्टेंबरात दूध संस्थेची सभा झाली. ह्या दुष्काळात साऱ्या वस्तीत जास्ती दूध मपल्या म्हशीचं, म्हणून मला पुढं बोलावलं आन स्टीलची मोठी वाटी दिली. तिच्यावर ठिपक्याठिपक्यानं कोरलंय, सौ. छबुबाई गहिनीनाथ. त्रिंबक, मपलं नाव कशावर लिहिलेलं मी पहिल्यांदा बगितलं. मतदानाच्या यादीत हाय म्हणतात, पण ती कुणी दाखवली न्हाई. आठ दिवस वाटी फळीवर मांडून ठेवली. नवव्या दिवशी बगते तर वाटी गोठ्यात, तिच्यात काळजाचे तुकडे, आन बाईसाहेब मपल्या नावावर चोच घासायलेत! ह्यांना म्हणलं तर म्हणतात, स्टील साफ राहतं, पाखराला बरं.

भाऊबीजेला यायचं म्हणलं तर हे म्हणले, मी डेअरीवर असताना तिला कोण चारंल? म्हणून न्हाई आले. एका पाखरावर जळावं असं काय तिच्यात हाय ते मला कळत न्हाई, पण जळते. लेकीला पाचवा महिना सरला का सातवा असला हिशोब ह्यांना न्हाई, बाईसाहेबांचं पीस गळलं की मात्र कागदात बांधून ठेवतात.

गीताला सांग मी रागावले न्हाई. सारं आटलंय, तुजी माया तेवढी आटू देऊ नको.
तुजी अक्का, छबुबाई


अंबाजोगाई
२० नोव्हेंबर १९८६

ती. अक्कास त्रिंबकचा सा. न. वि. वि. हसायचं नाही असं लिहिलंस, म्हणून पहिल्या पानावर कसाबसा धीर धरला. दुसऱ्या पानावर गीता आणि मी दोघंही फुटलो. गीता म्हणते, सवत असावी तर अशी, दागिना मागत नाही, माहेरी जात नाही, आणि माहेरचं कुणी राहायलाही येत नाही. हा शेवटचा टोमणा मला होता.

वाटीचं मात्र मला खरंच लागलं. दाजी मनाचे वाईट नाहीत अक्का, पण त्यांना कुठलीही वस्तू रिकामी दिसली की ती संस्थेची वाटते. भांडू नकोस. उपाय सोपा आहे. आईनं रुखवतात दिलेली पितळी वाटी तुझ्या माळ्यावर पडून असेल. ती गोठ्यात ठेव आणि तुझी घासूनपुसून फळीवर मांड. दाजींना डेअरीच्या गडबडीत कळायचंही नाही. पाखराला काय, स्टील काय नि पितळ काय!

इथे नळाला तीन दिवसांआड पाणी येतं. प्रयोगशाळेत आमचा दिवस लोकांचं रक्त आणि थुंकी तपासण्यात जातो. संध्याकाळी घरी आलो की गीता माझ्याशी बोलते, मी घार नसूनसुद्धा. तेवढं माझं नशीब बरं म्हणायचं.

कौसा बाळंतपणाला कधी येते ते कळव. तिला डिंकाचे लाडू पाठवतो. तुझा लटका राग आमच्यावर असाच राहू दे, खरा दाजींसाठी ठेव.
तुझा त्रिंबक


दूध उत्पादक संस्था कार्यालय, खोरवाडी
९ मार्च १९८७

श्री. रा. रा. त्रिंबकराव पाव्हणे यांसी गहिनीनाथचा रामराम. वि. वि.

विषय, पक्ष्याच्या प्रकृतीबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर पक्षी गेले तीन आठवडे खात नाही. विष्ठा हिरवी होते. मान धरवत नाही. छातीचं हाड हाताला लागतं. नेकनूरच्या ढोरांच्या डॉक्टरांस दाखविले, ते म्हणाले की मला म्हशीचं कळतं. तरी आपल्या दवाखान्यातून काही औषध मिळण्यासारखे असल्यास एस.टी.ने पाठविण्याची तजवीज व्हावी.

पाव्हणे, पुढचं सरकारी भाषेत लिहिता येत न्हाई. काल मी काळजाचा तुकडा चोचीपुढं धरला, तर तिनं तो घेतला आन माज्या हातावर परत ठेवला. मला जणू म्हणली, तूच खा. मी डेअरीत येऊन दार लावून बसलो.

एक गोष्ट कागदावर यावी का न्हाई असं झालंय. बाईसाहेबांवर घरातल्या माणसाचा लई राग हाय. तो राग मला दिसतो, भिंतीलाबी दिसत असंल. कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली माळ्यावर भरलेली होती, ती आता अर्धी हाय. मी कुणाचं नाव घेत न्हाई. तुमी शिकलेले हाव, तुमी समजून घ्या.

कौसाला माघ महिन्यात मुलगा झाला, बाळबाळंतीण खुशाल. हे आधी लिहायला पायजे होतं. उत्तराची वाट पाहतो. नातं आहे ते कागदापुरतं न राहो.
आपला, गहिनीनाथ


मु. खोरवाडी
२ एप्रिल १९८७

चि. त्रिंबकला अक्काचे आशीर्वाद. वि. वि. आज मला दुसरं काही लिहायला सुचत न्हाई, म्हणून घाईनं लिहिते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती मेली. सकाळी धार काढायला गेले तर गव्हाणीखाली पालथी पडली होती, पंख पसरून, एवढी मोठी. ह्यांनी गुढी उभारली न्हाई. लेकराचा पहिला पाडवा, आन दाराला आंब्याचा डहाळा सुदीक न्हाई.

आन त्या दिवसापासून हे माज्या हातचं जेवत न्हाईत.

चुलतजाऊ सुंदरबाईकडं जेवतात. मी ताट वाढते, हे पायात चप्पल घालतात. सारी वस्ती बगायलीय. कौसा बाळंतीण घरात, तिच्यापुढं माजी ही इज्जत. तोंडानं एक शबुद बोलत न्हाईत. सुंदरबाईनंच मला सांगितलं, की भावजी म्हणायलेत, माळ्यावरची बाटली अर्धी झाली. आगं बाई, अर्धी झाली तर झाली! वाळवी लागली आड्याला, तिथं ओतलं मी. इचारलं असतं तर आड्याकडं बोट केलं असतं.

त्रिंबक, तुज्यापाशी खोटं बोलत न्हाई. मी तिच्यावर जळत होते. ती मरावी असं चुलीपुढं बसून धा येळा म्हणलेय. लेकीचं बाळंतपण माज्या घरात, आन हे गोठ्यात तिची मान हातावर धरून बसलेले. मला ताप आला तवा ह्यांनी कपाळाला हात लावल्याचं मला आठवत न्हाई. पण इख घातलं न्हाई. कुणाच्या अन्नात इख घालणारी मी न्हाई.

मंग मी म्हणलं, फाडा तिला. बगा पोटात काय हाय. हे म्हणले, आता मेल्यावर तरी सोड. मी म्हणलं, न्हाई सोडत, मला साऱ्या वस्तीत डोकं वर करून चालायचंय. राधाकिशन गार्ड आला, पंचनामा केला. काळीज सुजून काळंनिळं झालं होतं. त्यातला तुकडा त्यानं सहीनं दिला. डेअरीच्या बर्फात, थर्मासमधी घालून आज अंबाजोगाईच्या यष्टीच्या कंडक्टरकडं दिलाय. तुमच्या डॉक्टरला सांग, ही मोरघारीची तपासणी न्हाई, माजी हाय.

जे निघंल ते लिही. माज्या बाजूनं लिहू नको, खरं लिही. बहिणीवरचा भरवसा तपासणी होईस्तोवर तरी मोडू नको.
तुजी अक्का


अंबाजोगाई
४ मे १९८७

ती. अक्कास त्रिंबकचा सा. न. वि. वि. महिना लागला, त्याबद्दल माफ कर. आमच्याकडे असली तपासणी होत नाही. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर, उत्तरेश्वर सर, यांनी ओळखीनं बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत तुकडा पाठवला होता.

आधी तुला हवं ते. कपाशीच्या औषधाचा लवलेशही नाही. तू विष घातलेलं नाहीस. सरांच्या सहीचा कागद सोबत आहे, दारावर चिकटव हवा तर.

आता दुसरं. हे वाचताना एकटी बस.

काळजात, म्हणजे यकृतात, तांबं सापडलं, लई सापडलं. लई म्हणजे किती हे सरांनासुद्धा एकदम सांगता येईना, कारण मोरघारीच्या काळजात मुळात किती असावं हे कोणी मोजलेलं त्यांना मिळालं नाही. म्हणून आम्ही रस्त्यावर ट्रकखाली मेलेल्या एका रानातल्या घारीचं काळीज सोबत पाठवलं होतं. ती काही मोरघार नव्हे, पण मापाला दुसरं काही नव्हतं. तिच्या चौदापट तांबं आपल्या बाईसाहेबांत निघालं, आणि जस्त चौपट. सर म्हणाले, हे एका दिवसात कोणी पाजलेलं नाही. रोज थोडं थोडं, महिनोन्महिने आत गेलं, आणि जेवढं येत होतं तेवढं बाहेर पडलं नाही, म्हणून काळजात साठत राहिलं. रानातली घार आज उंदीर, उद्या सरडा, परवा सशाचं पिल्लू खाते. आपल्या बाईसाहेबांना लाडानं रोज शेळीचं काळीज, आणि शेळीचं तांबंही तिच्या काळजातच साठलेलं असतं. पण नुसत्या तेवढ्यानं चौदापट होत नाही, असं ते म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, तांबं आणि जस्त दोन्ही एकत्र कुठे असतं. मी परीक्षेत सांगावं तसं फटकन सांगितलं, पितळेत. आणि सांगितल्याबरोबर मला तुझ्या माळ्यावरची वाटी आठवली.

अक्का, आंबट दुधाचं पाणी, कल्हई उडालेलं पितळ. तू वाटी बदललीस का? माझं ते मूर्ख पत्र तू मनावर घेतलंस का? घेतलं असलंस तर दोष आधी माझा. बावीस वर्षं माळ्यावर पडलेल्या वाटीला कल्हई राहिली असेल का, हा विचार लिहिताना मला शिवला नाही, आणि मी म्हणे तपासनीस!

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सर काळीज सुजलेली लहान लेकरं बघतात. पितळी भांड्यात तापवून तसंच ठेवलेलं दूध त्यांना पाजलेलं असतं, असं त्यांच्या पाहण्यात आहे. कौसाच्या बाळाला वरचं दूध सुरू केलंय का? कशात तापवतेस? आजपासून पितळ बंद. पत्र हातात पडल्याबरोबर बंद.

दाजींना काय लिहू ते तू सांग. शेळीच्या काळजानं झालं असं लिहिलं तर ते धड खोटंही नाही. वाटीचं नाव काढणार नाही. मग ते घरी जेवतील. धाकटा असलो तरी तुझ्या पाठीशी उभा राहायची मला परवानगी असावी.
तुझा त्रिंबक


मु. खोरवाडी
११ मे १९८७

चि. त्रिंबक यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

बदलली.

तुजं पत्र आलं त्याच दिवशी बदलली. सारी दुपार मपली वाटी राखेनं घासत बसले होते. आईची पितळी वाटी काढली, तिची कल्हई आतनं पार गेलेली, लालबुंद. रहमतुल्ला कल्हईवाला दोन सालापासून वस्तीवर फिरकला न्हाई. लोकांच्या डब्यात पीठ न्हाई, कल्हई कोण करून घेतंय? तो जालन्याला मजुरीला गेला म्हणतात.

तू म्हणतोस दोष तुजा. न्हाई रे. तू तिकडं बसून हसत लिहिलं. मी इथं होते. त्या वाटीत मी माणसाला ताक वाढलं नसतं. आंबट पितळेत कळकतं हे आईनं आपल्या दोघांला शिकवलंय, ते मी इसरले न्हवते. तरीबी तिला ठेवली. तवा माज्या ध्यानात आलं न्हाई, का आलं आन मी दुसरीकडं बगितलं, ते माजं मलाच सांगता येत न्हाई. रोज सकाळी वाटीच्या काठाला हिरवं दिसायचं. मी धुवायचे, आन परत तिथंच ठेवायचे. इतकंच म्हणायचे मनात, जाऊ दे, बाईसाहेबांना काय होतंय.

लेकराचं वाचून माजं पाणी झालं. कौसाला दूध पुरत न्हाई म्हणून महिन्यापासून म्हशीचं पाजायलो, आन तापतं कशात? सासूबाईच्या पितळी पातेल्यात. दिवसभर त्यातच असतं. पातेलं उचललं आन अंगणात पालथं घातलं. कौसा म्हणली, आई, याड लागलं का. शेजारणीकडनं जर्मनचं भांडं आणलं, आन तिला धरून रडले. तिला वाटलं मी बापाच्या जेवणापायी रडायले.

आता ऐक. तू ह्यांना काई लिहू नको. तुजं अर्धं खरं मला नगं. वस्तीत एकवीस घरं दूध घालतेत, साऱ्यांच्या पोराबाळांचं दूध पितळेत तापतंय, आन एकाबी भांड्याला कल्हई न्हाई. मी गप बसले तर ह्या लेकरांनाबी माजी सवत समजल्यावानी होईल. सांगायचं तर पाखराचं सांगावं लागंल, पाखराचं सांगायचं तर वाटीचं, आन वाटीचं सांगायचं तर हे जन्मभर सुंदरबाईकडं जेवतील. जेवू देत. मी जळतच राहीन, त्याची आता सवय झाली.

घरात हे माजं ऐकून घेत न्हाईत. म्हणून डेअरीवर जाऊन सांगणार. तिथं सचिवाला उठून जाता येत न्हाई. माज्या मागं कुणी तरी हाय एवढं मनात असू दे.
अक्का


दूध उत्पादक संस्था कार्यालय, खोरवाडी
२० मे १९८७

श्री. रा. रा. त्रिंबकराव पाव्हणे यांसी गहिनीनाथचा रामराम. वि. वि. ह्या पत्राला विषय न्हाई.

गुरुवारी सकाळी दूध घालायची येळ. बायामाणसं चरव्या घेऊन रांगेत. तुमची अक्का डोक्यावर पदर घेऊन आली, माज्या टेबलावर पातेलं ठेवलं आन साऱ्यांपुढं बोलली. आधी लेकरांचं सांगितलं. मंग म्हणली, हे मला कसं कळलं ते ऐका. वाटीचं सांगितलं. मी जळले म्हणून पाखरू मेलं, असं सांगितलं. कुणी हसलं न्हाई. म्हातारा सटवा नुसता म्हणला, बाई, लई मोठं सांगितलंस. मी रजिस्टरात मान घालून बसलो होतो. काय लिहिलं ते नंतर वाचलं तर एकाच माणसाचं दूध तीनदा लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी जेवलो. ती वाढत होती आन डोळे पुशीत होती. माज्या थोर मनाबद्दल तिनं सुंदरबाईजवळ चांगलं सांगितलं म्हणे. ते ऐकल्यापासून घास उतरत न्हाई, म्हणून तुमाला लिहितो.

पाव्हणे, वाटी बदलली ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. नऊ वर्सं दुधाची भांडी बगण्यात गेली माजी. डेअरीच्या भिंतीवर माज्याच अक्षरात लिहिलंय, आंबट दूध पितळी भांड्यात आणू नये. आन मी रोज माज्या हातानं आंबट पाणी त्या पितळेत ओतत होतो. चार महिने.

कावून बोललो न्हाई? बोललो असतो तर ती म्हणली असती, मपली वाटी तुमी घेतलीच कावून. त्याचं उत्तर माज्यापाशी होतं, पण सांगण्यासारखं न्हवतं. स्टील साफ राहतं म्हणून न्हाई दिली मी ती पाखराला. सभेत चेअरमननं तिचं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या. सतरंज्या मी अंथरलेल्या, माईक मी आणलेला, संस्था सुरू झाल्यापासून पहाटं पाचला कुलूप मी काढतो, आन माजं नाव कुणी घेतलं न्हाई. आठ दिवस फळीवर तिचं नाव चमकायचं आन माज्या डोळ्यात जायचं. बायकोवर जळलो, पाव्हणे. दुसऱ्याला सांगितलं तर थुंकंल. बाईसाहेबांला मी सारं सांगायचो, पण हे तिलाबी सांगितलं न्हाई.

आन मी तिची वाटी काढून घेतली म्हणूनच मला वाटलं, त्या रागानं औषधबी हिनंच घातलं.

हे छबुबाईस कळवू नये ही विनंती. माणूस म्हणून जी काय किंमत तुमच्या मनात उरली असंल ती राहू द्यावी.
आपला, गहिनीनाथ


अंबाजोगाई
२६ मे १९८७

ती. दाजींस सा. न. वि. वि. आपलं पत्र मिळालं. थुंकलो नाही. पण अक्का डेअरीत रांगेपुढे उभी राहून बोलली, आणि आपण मला पोस्टानं, तेही गुपचूप! हे बरोबर नाही.

वाटी बदलायची अक्कल मी दिली, हे अक्कानं आपल्याला सांगितलं नसणार. ते मी सांगतो. आता आपलं आपण सांगा. पंधरा दिवस वाट पाहीन, मग मी स्वतः येऊन तिच्यासमोर हे पत्र वाचून दाखवीन. लहान तोंडी मोठा घास झाला असल्यास पदरात घ्यावं.
त्रिंबक


मु. खोरवाडी
८ जून १९८७

चि. त्रिंबक यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि. लेकरू बरं हाय, आता पोटावर पालथं पडतंय. जालन्याहून रहमतुल्लाला बोलावून आणलं. चार दिवस झाले, डेअरीपुढच्या लिंबाखाली त्याचा भाता चालू हाय, साऱ्या वस्तीची भांडी रांगेत. कल्हईचं काम संस्थेनं करून द्यायचं ठरवलं. सटवाची सून नेकनूरला लेकरू दाखवून आली, ते जरा सुस्त होतं, त्याला औषध चालू केलंय.

ह्यांनी परवा सांगितलं. चहाच्या येळेला. आधी तीनदा खाकरले, मला वाटलं घसा धरला. मंग बशीकडं बगत सारं सांगितलं, सभेचं, टाळ्यांचं, भिंतीवर लिहिलेल्याचं. तुजं पत्र आलंय ह्याचीबी कबुली दिली.

मी काय केलं असंल सांग. मला वाटलं होतं असं काही कळलं तर मी घर डोक्यावर घेईन. तसं झालं न्हाई. पहिल्यांदा तर मला, लाज वाटती लिहायला, पण बरं वाटलं. माज्यावर कुणी जळावं असं माज्यापाशी काही होतं तर. मंग मात्र असा राग आला! महिना दीड महिना मी साऱ्या गावात इखारी बाई म्हणून फिरले. माजा कबुलीजबाब ऐकून रजिस्टरात मान घातली ह्यांनी, आन मी ह्यांना देवमाणूस म्हणून सुंदरबाईला सांगत बसले.

मी म्हणलं, बाईसाहेबांशी रोज घंटाभर बोलत होता. त्यातलं एकच वाक्य इकडं येऊन मला बोलला असता, की वाटी कावून बदललीस, तर मी भांडले असते. तुमीबी भांडला असता. चार दिवस चूल पेटली नसती, आन ती आज गव्हाणीवर बसलेली असती.

ह्यांनी बशी खाली ठेवली. म्हणले, आता बोल, मी ऐकतो. मी म्हणलं, आता म्हशीची येळ झाली, ती पान्हा चोरती. उठून गोठ्यात गेले तर हे माज्या मागं आले. धार काढून होईस्तोवर गव्हाणीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले, पण बोलले. सात आठ महिन्याचं साचलेलं होतं, बादली भरली तरी सरलं न्हाई.

गीताला आशीर्वाद. तुजं येणं व्हावं, रागावून का होईना.
तुजी अक्का, छबुबाई